शास्त्रात नसलेला रांजण

अक्का,

रविवारी धुळ्याच्या मंडळीत तुझ्या स्मरणाची उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी मला तुझ्याबद्दल दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. त्या संध्याकाळी परतताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, बाईंनी किती जीव अग्नीतून ओढून काढले, तेवढं सांगा. लोकांना बळ येईल." मी मान हलवली. मान हलवायची मला सवय आहे. माझ्यातला सगळ्यात मोठा दोष तोच, असे तू म्हणायचीस.

आज गुरुवार. जळगावच्या माझ्या खोलीत मी चार वेळा कागद पुढे घेऊन बसलो आणि चारही वेळा 'अग्नी' या शब्दापाशी थांबलो. नरकाच्या त्या अग्नीवरूनच आपले भांडण होते आणि ते मिटायच्या आत तू गेलीस. मंडळीपुढे काय बोलायचे ते ठरवण्याआधी तुझ्याशी बोलणे भाग आहे.

तू सावद्याला मिशनची सुवार्तिक बाई होतीस, वीस वर्षे. चित्रांची ती जाड गुंडाळी काखेत, ती टांगायची बांबूची तिकाटी खांद्यावर आणि बाजाराचे वार तोंडपाठ. सुट्टीत मी तुझ्याकडे आलो की तिकाटी माझ्या खांद्यावर यायची. गावात शिरल्यावर तू आधी कुणाच्या तरी दारात उभी राहून पाणी मागायचीस. तहान नसली तरी मागायचीस. कुणी तांब्या हातात द्यायचे, कुणी वरून ओंजळीत ओतायचे, कुणी ऐकलेच नाही असे करायचे. तू कुणालाच काही बोलायची नाहीस, पण त्या दिवशी कोणते चित्र आधी उघडायचे ते तिथे ठरायचे. मला हे कळायला बरीच वर्षे लागली.

बारा चित्रांतले शेवटचे चित्र श्रीमंत माणसाचे. दारात भिकारी उपाशी पडलेला आणि आत मेजवानी. मग दोघेही मरतात, भिकारी सुखात जातो, श्रीमंत ज्वाळांत जातो, आणि तिथून वर बघून जिभेला लावायला पाण्याचा एक थेंब मागतो. परदेशात छापलेला तो श्रीमंत गोरापान होता. सावद्याच्या बाजारात एकाने विचारले, "बाई, हा साहेब काहून जळून राह्यला?" तू म्हणालीस, "साहेब नाही हो, श्रीमंत आहे." तो म्हणाला, "तेच ते." बाजार हसला, तूही हसलीस. तुझ्या बोलण्यात 'आहे'च्या जागी येणाऱ्या धुळ्याकडच्या 'शे'वरसुद्धा तिकडच्या बायका हसायच्या आणि तू त्यांना हसू द्यायचीस. पण गोष्ट पुढे सरकली की हसणे थांबायचे. तू सांगायचीस, "त्याच्या दारात रांजण होता. काठोकाठ भरलेला. भिकारी त्या रांजणाकडे बघत होता."

मी वीस वर्षांचा होतो, नुकताच शाळेवर लागलो होतो, आणि सगळे तपासून बघायची मला खोड होती. त्या दिवशी परतताना मी तुला म्हणालो, "अक्का, शास्त्रात रांजण नाही. भिकाऱ्याला मेजावरचं उष्टं हवं होतं, एवढंच आहे. मी आताच वाचून पाहिलं."

तू चालत राहिलीस. पुढे केळीच्या बागेचा बांध आला, तिथे बसलीस. मोटेचे पाणी पाटातून चालले होते. पाय पाण्यात सोडून म्हणालीस, "शास्त्रात नसेल. दारात होता."

आणि मग पहिल्यांदा सांगितलेस. त्या मोठ्या दुष्काळात मी तीन वर्षांचा आणि तू नऊ. आपले गाव पांझरेच्या काठी, धुळ्यापासून चार कोसांवर, आपण गावकुसाबाहेरचे. आपल्यासाठी असलेली पाण्याची झिरी आटली तेव्हा माय आपल्या दोघांना घेऊन पाटलाच्या दारात गेली. ओट्याखाली लांब उभी राहिली. ओट्याच्या कडेला रांजण होता. माय म्हणाली, "पोरेसले घोटभर द्या, मले नको." पाटील म्हणाला, "ते बैलेसनं पानी शे. आठे नको उभी ऱ्हाऊ." तेवढ्यात गड्याने बैल आणला आणि घमेल्यात पाणी ओतले. तू बैलाला पिताना पाहिलेस. मीही पाहिले असेल. मला आठवत नाही. मग मायने नदीच्या वाळूत हाताने खड्डा केला, गढूळ पाणी पदरातून गाळून आपल्याला दिले आणि खाली उरलेले स्वतः प्याली. दुसऱ्या दिवशी तिला पटकी लागली. तशा अंगाने तिने आपल्याला धुळ्याला मिशनच्या छपरापर्यंत आणले. कुंपणाच्या आत तू मला घेऊन गेलीस. ती कुंपणाच्या अलीकडेच राहिली.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारले.

"सखू."

एवढे सांगून तू पाय पुसलेस आणि उठलीस. रांजणाबद्दल मी पुन्हा कधी काही म्हणालो नाही. पण त्या बांधावर मला माझाच एक जुना प्रश्न आठवला होता, आणि तुलाही आठवला असणार.

चौदा वर्षांचा असताना, बाप्तिस्म्याच्या वर्गात, मी तो विचारला होता. मिशनच्या गोऱ्या मिससाहेब समजावून सांगत होत्या की प्रभूवर विश्वास न ठेवता मेलेल्यांचा नाश होतो, तिथून परत येणे नाही. मी हात वर केला. "माझी माय कुठे आहे?" मिससाहेबांनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. पटकीच्या पोरांना त्यांनी स्वतःच्या हाताने धुतले होते. त्या म्हणाल्या, "मुला, देव न्यायी आहे." मी म्हणालो, "म्हणजे कुठे?" तू तेव्हा त्या वर्गाला मदतीला होतीस. माझा कान धरून मला स्वयंपाकघराच्या मागे नेलेस आणि म्हणालीस, "पुन्हा विचारलंस तर बोर्डिंगातून नाव कापतील. मग कुठे जाशील?" मी पुन्हा विचारले नाही. त्या दिवशी माझ्या वाटणीची भांडी तू घासलीस.

पुढे मी पुस्तकांत शिरलो. शाळेच्या कपाटात असलेली आणि मुंबईहून मागवलेली. त्यांतून मला धीर येत गेला. मी ठरवून टाकले की प्रेम करणारा देव कुणालाही कायमचे जाळत ठेवणार नाही, आणि दर सुट्टीत मी हे तुला पटवायला बसू लागलो. आता वाटते, पटवायचे मला स्वतःलाच होते.

"बापाला लेकरू जळताना बघवत असेल, तर तो बाप कसला?" मी म्हणायचो.

"आणि लेकराला तहानेनं मारणाऱ्याला बाप काहीच बोलणार नसेल, तर तो तरी कसला?"

"शिक्षा असू दे. पण तिला शेवट असावा."

"मायच्या मरणाला शेवट आहे का? ती अजून मेलेलीच आहे."

एकदा मी म्हणालो की ज्यांनी सुवार्ता कधी ऐकलीच नाही त्यांना देव वेगळ्या मापाने मोजेल. मायला तसेच मोजेल. तू चुलीपुढे बसली होतीस. फुंकणी खाली ठेवून म्हणालीस, "मग मी गावोगाव कशाला हिंडते, मास्तर? न ऐकलेले सुटणार असतील, तर लोकांना सांगून मी फशीच पाडते. उद्यापासून घरी बसते." मी पुस्तकांकडे परत गेलो आणि पुढच्या सुट्टीत नवे उत्तर घेऊन आलो. तू त्याचेही असेच केलेस. तुझ्याइतके बारकाईने मला कुणी वाचले नाही, आणि मी काही छापलेलेही नाही. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. मला वाटायचे, आपले भांडण असेच चालत राहणार.

फैजपूरची गोष्ट तू मला चिडून सांगितली होतीस. एका म्हातारीने चित्रातल्या श्रीमंताकडे बोट दाखवून विचारले, "अवं बाई, कोन्ही पानी देत नसीन तं मी देते त्याले." तू म्हणालीस, "आजी, त्यानं दुसऱ्याला दिलं नव्हतं." ती म्हणाली, "नसीन देलं. म्हून काय आपन बी नाही द्याव?" तू गुंडाळी आवरलीस आणि त्या दिवशी लवकर निघालीस. "तुझ्यासारखीच एक भेटली," तू मला म्हणालीस, "मला वाटलं, तुझी पुस्तकं तिकडेही पोचली." मी हसलो. तू हसली नाहीस. पुढचे दोन महिने तू फैजपूरच्या बाजाराला गेली नाहीस, हे मला नंतर समजले.

आता मागच्या नाताळाचे बोलतो. मी ते टाळत आलो आहे.

तू करंज्या तळत होतीस. मी पाटावर बसून एका नव्या पुस्तकातले सांगत होतो की नरक म्हणजे माणसाने स्वतः आतून लावून घेतलेले दार, देव बाहेर उभा राहून वाट बघतो, वगैरे. मी फार चांगले बोलत होतो. तू झारा कढईवर धरून म्हणालीस, "तुझा देव फार शिकलेला आहे, मास्तर. त्याला कोणी कधी पाणी नाकारलेलं नाही."

ते मला लागले. कारण ते खरे होते. मी तीन वर्षांचा होतो, मला काहीच आठवत नाही. माझ्या सगळ्या दयेसाठी मला काही किंमतच मोजावी लागलेली नव्हती. लागले म्हणून मी ते बोललो, जे इतक्या वर्षांत माझ्या मनात येऊनही मी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "तुला नरक हवा आहे, अक्का. त्या पाटलासाठी. आणि त्याच्यासाठी तू जी आग पेटती ठेवली आहेस, तिच्यातच मायला ठेवलं आहेस. त्याच्या शेजारी."

तू कढई उतरवलीस. तळलेल्या करंज्या डब्यात भरल्यास, एकेक, मोडणार नाहीत अशा. मग म्हणालीस, "तुझी गाडी सकाळी सातची ना?"

सकाळी तू स्टेशनपर्यंत आलीस. डबा हातात दिलास. गाडी हलली तेव्हा तू पाठ फिरवून चालू लागली होतीस.

त्यानंतर चार महिने तुझे पत्र नाही. मीही लिहिले नाही. लिहायला घ्यायचो आणि त्यात पुन्हा मुद्दे यायचे. नुसते 'चुकलो' एवढे लिहिले असते तर पुरे होते, पण त्याच्यापुढे 'तरीपण' आल्याशिवाय राहत नव्हते. चैत्र संपता संपता धुळ्याहून तुझे कार्ड आले: "मास्तर, इथे आले आहे. जमलं तर ये. भांडायचं राहिलं आहे."

सावद्याहून धुळ्याला जाणारे सगळे जळगाववरून जातात. गाडी इथे उभी राहते. तू उतरली नव्हतीस.

मी तेवढ्याच गोष्टीवर अडून बसलो. वार्षिक परीक्षा चालू होती, चौथीचे पेपर माझ्याकडे होते, हे खरे. पण पेपर दुसऱ्या कुणाला देता आले असते हेही खरे. मी सहा दिवस घेतले. चाळीसगावला गाडी बदलताना फलाटावर बसून काय काय बोलायचे ते मी मनात जुळवत होतो. दुपारी धुळ्याला मिशनच्या आवारात शिरलो तेव्हा सोनाबाई दारातच भेटली. बोर्डिंगात तुझ्या शेजारी झोपणारी तीच सोनाबाई. तुझ्यासारखेच तिचेही केस पिकले आहेत. ती म्हणाली, "मास्तर, सकाळी गेली." तिने तुला नवे पांढरे लुगडे नेसवले होते. ऊन फार होते, म्हणून संध्याकाळीच माती दिली.

तू धुळ्याला कशाला आली होतीस ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. शाळेच्या ओसरीवर सोनाबाई डाळ निवडत बसली होती. मी विचारले नव्हते. तीच म्हणाली, "गावी गेलो होतो आम्ही. तिच्या गावी. तुमच्याही."

इतक्या वर्षांत तू त्या गावात कधी पाऊल ठेवले नव्हतेस. ते तुझ्या हद्दीतही नव्हते. सोनाबाई सांगत होती आणि मी तिच्या सुपाकडे बघत होतो.

"पहाटे निघालो. गुंडाळी तिनं घेतली, तिकाटी मी. म्हटलं, आता त्या पाटलापुढे ते शेवटचं चित्र उघडणार ही. म्हटलं, उघडू दे, एवढी वर्षं जपलंय. पोचलो. सून दारात उभी. ही काय विचारते? 'आठे रांजण व्हता ना?' सून म्हणते, 'कसाना रांजण?' तिला माहीतच नाही. आता तिथे पत्र्याची टाकी आहे. म्हातारा ओट्यावर खाटेवर पडलेला. डोळे गेलेत त्याचे, मास्तर. दोन्ही. आता चित्र कुणाला दाखवणार?"

त्याने आवाज ऐकला आणि विचारले, "कोन शे?"

तू ओट्याखाली, लांब उभी होतीस. म्हणालीस, "मी सखूनी पोर. गावकुसबाहेरनी. दुष्काळमा मनी माय तुमना दारे पानी मांगाले उनती."

तो म्हणाला, "दुष्काळमा बठ्ठा गाव पानी मांगाले ये. मले कोन कोन याद ऱ्हाई?"

"मला वाटलं, आता ही पेटणार," सोनाबाई म्हणाली. "नुसती उभी राहिली. मग म्हणाली, 'ते पानी तुम्ही बैलेसले पाजं.' तो म्हणाला, 'बैल बी मरी गयात.'"

अक्का, इथे मी सोनाबाईला थांबवले. उठून आवारात एक फेरी मारून आलो. त्याला आठवत नव्हते. तू ज्याच्यासाठी इतकी वर्षे एक आग राखलीस, त्याच्या ध्यानातही नव्हते की ती राखण्याजोगे काही घडले. आणि बैलही मेले. म्हणजे ते पाणी कुणाच्याच कामी आले नाही.

मी परत येऊन बसलो. सोनाबाईने पुढचे सांगितले.

त्याला तू फेरीवाली वाटलीस. त्याने विचारले, "तू काय इकाले उनी?" तू म्हणालीस, "इकाले नही. गोट सांगाले." तो म्हणाला, "मंग सांग. पडेलच शे मी." तू गुंडाळी सोडली नाहीस. मातीत बसलीस आणि श्रीमंत माणसाची गोष्ट सांगितलीस, सगळी, सावकाश. "मी ऐकत होते," सोनाबाई म्हणाली, "आता रांजण येईल, आता येईल. आला नाही. मेजावरचं उष्टं आलं, कुत्री आली. रांजण नाही. जसं शास्त्रात आहे तसंच सांगितलं तिनं." श्रीमंत ज्वाळांतून पाण्याचा थेंब मागतो तिथे तू थांबलीस. म्हातारा वाट बघत राहिला. मग त्याने विचारले, "मंग? दिन्हं का त्याले कोनी?"

तू म्हणालीस, "आजून नही."

शास्त्रात हे उत्तर नाही, अक्का. तिथे स्पष्ट नकार आहे. मध्ये मोठी दरी आहे आणि इकडचा तिकडे जाऊ शकत नाही असे आहे. ते तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. रांजण काढून टाकलास आणि त्याच्या जागी हे घातलेस.

म्हातारा म्हणाला, "ऊन शे. सावलीमा सरक." आणि तू ओट्याच्या सावलीत सरकलीस.

पण पाणी मागितले नाहीस. प्रत्येक गावात आधी पाणी मागणारी तू, त्या दारात मागितले नाहीस. सोनाबाई म्हणाली, "मी म्हटलं, सुनेला सांगते, तांब्याभर घे, उन्हात चार कोस जायचं आहे. मला म्हणाली, 'ह्या दारात नको.' वाटेतही थांबली नाही. धुळ्याला आली ती अंगार अंगानं. पडल्या पडल्या तुम्हाला कार्ड लिहिलं. त्याच तापानं गेली, मास्तर. मी किती सांगितलं. ऐकेल तर शपथ." सोनाबाई तुझ्यावर चिडली आहे. अजून चिडली आहे. तिने डाळ निवडून संपवली आणि मग पदर डोळ्यांना लावला.

मी तिला तीन वेळा विचारले की 'आजून नही' हे तू कसे म्हणालीस. धमकी दिल्यासारखे, की धीर दिल्यासारखे? तिसऱ्यांदा ती वैतागली. "कशी म्हणणार? भाकर झाली का विचारलं की म्हणतात तशी म्हणाली. झाली नाही अजून."

आता हे मी घेऊन बसलो आहे. एक मन म्हणते, तू त्याला माफ केलेस आणि त्याच्याबरोबर मायलाही त्या कुंपणाच्या आत आणलेस. 'अजून नाही' म्हणजे 'कधीतरी होय'. दुसरे मन म्हणते, माफ केले असते तर त्याच्या दारचे पाणी प्याली असतीस आणि आज जिवंत असतीस. हेच भांडायचे राहिले होते का? की कार्ड लिहिलेस तेव्हा तुलाही नीट ठाऊक नव्हते आणि माझ्याशी भांडल्याशिवाय ते कळणार नव्हते? सहा दिवस तू खाटेवर पडून माझी वाट पाहिलीस आणि मी जळगावात चौथीच्या पोरांचे निबंध तपासत होतो. नाताळात जे बोललो ते मी मागे घेतो. 'तरीपण' न लिहिता मागे घेतो. तू मायला त्या आगीत ठेवले नव्हतेस. तू तिच्या बाजूने बोलत होतीस, एकटी, आणि मी तुझ्यावर मुद्दे टाकत होतो.

रविवारी मी काय करणार ते सांगतो. तू किती जीव अग्नीतून काढलेस हे मी सांगणार नाही, कारण तू ते कधी मोजले नाहीस आणि मला अग्नीविषयी काही माहीत नाही. मी मायसाठी प्रार्थना करणार आहे. मोठ्याने, नाव घेऊन. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही हा आपल्या मंडळीचा नियम आहे. पाळकसाहेब नंतर मला बोलावतील, कदाचित शाळेच्या समितीला पत्र जाईल. जाऊ दे. चौदाव्या वर्षी ज्या भीतीने मी गप्प बसलो तीच ही भीती, आणि आता माझा कान धरायला तूही नाहीस.

इथपर्यंत सोपे होते. ते मी आज सकाळीच लिहून टाकले. पण लिहिल्यावर ध्यानात आले की थांबता येणार नाही. मी तुला अठरा वर्षे सांगत आलो की देवाचे प्रेम कुणालाही बाहेर ठेवत नाही. ते खरे असेल तर मायच्या नावानंतर आणखी एक नाव घ्यायला हवे. म्हातारा जिवंत आहे, पण फार दिवस नाहीत. सोनाबाईने मला त्याचे नाव सांगितले आहे. सकाळपासून मी ते कागदावर लिहायचा प्रयत्न करतो आहे आणि मला लिहिता येत नाही. एवढी पुस्तके वाचून, तुला एवढे ऐकवून, माझ्या मनात त्या माणसासाठी दयेचा कण नाही. 'बैल बी मरी गयात' हे ऐकल्यापासून तर नाहीच. तू, जिला नरक हवा होता, ती उन्हातून चार कोस चालत त्याच्या ओट्यापर्यंत गेलीस. मी, ज्याला नरक नको होता, त्याचे नाव लिहू शकत नाही.

म्हणून रविवारी असे होईल. मी उभा राहीन. सखूचे नाव घेईन. कुणीतरी खाकरेल, पाळकसाहेब डोळे उघडतील. त्यानंतर मी थांबेन. किती वेळ ते मला ठाऊक नाही. लोकांना वाटेल, बहिणीच्या आठवणीने मास्तरांचा गळा भरून आला. पुढच्या बाकावरची सोनाबाई डोळे पुसू लागेल. अक्का, ते रडणे नसेल. मी दुसरे नाव उच्चारायचा प्रयत्न करत असेन.